पेण-रोह्याचे दोन आजोबा

दीर्घायुषी कर्त्या पुरुषाचे निधन झाले म्हणजे वर्तमानपत्रातील मजकुरात एक वाक्य बहुधा ठरलेले असते. त्यांच्या मागे इतके पुत्र, इतक्या कन्या, नातवंडे व पतवंडे असा मोठा परिवार आहे, हे ते वाक्य. भरले घर ठेवून गेलेल्या माणसाविषयी आदर दाखविण्याची ही रीत जुनी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु माणसाच्या मागे परिवार राहतो तसे वळणही राहते. परिवाराची गणती दोन ओळींत होते. वळणाची परीक्षा होण्यास मात्र दोन पिढ्या थांबावे लागते. अशा वळणाचा विचार करू लागलो की रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, पेण आणि रोहे या लगतच्या तालुक्यांतील दोन आजोबा आमच्या डोळ्यांपुढे उभे राहतात.

पहिले आजोबा गागोद्याचे शंभुराव भावे. पेण तालुक्यातील या लहानशा गावी त्यांच्या घरात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नावाचा नातू जन्मला. तोच पुढे आचार्य विनोबा भावे म्हणून जगास माहीत झाला. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास असत. १९०५ च्या सुमारास मुलेही बडोद्यास गेली. म्हणजे आजोबांच्या छायेखालील विनायकाची वर्षे जेमतेम नऊ-दहा. तेवढ्या अवधीत त्या वृद्ध गृहस्थाने नातवास उपदेशपर असे फारसे सांगितल्याचे दिसत नाही. विनोबांनी वृद्धपणी ज्या आठवणी सांगितल्या, त्या बहुतेक आजोबांच्या कृतीच्या आहेत.

शंभुरावांच्या देवपूजेत एकदा मूर्तीवर विंचू येऊन बसला. घरात गडबड उडाली. विंचू दिसला की तो मारावयाचा, हा कोकणातील घरोघरचा नियम. आजोबांनी सर्वांस थांबविले. विंचू देवाला शरण आला आहे, तेव्हा त्याला कोणी हात लावावयाचा नाही, असे त्यांनी ठरविले आणि गंध, फूल, नैवेद्य सारे यथासांग केले. पूजा आटोपली, आणि काही वेळाने विंचू आपल्या वाटेने निघून गेला. शरण आलेल्यास अभय द्यावे हे वाक्य पुराणात पुष्कळदा येते. परंतु त्या मुलाने ते प्रथम देव्हाऱ्यापाशी पाहिले.

दुसरी आठवण चांद्रायण व्रताची. शुक्ल प्रतिपदेस एक घास, द्वितीयेस दोन, असे चढत पौर्णिमेस पंधरा घास, आणि कृष्णपक्षात त्याच क्रमाने उतरत अमावास्येस निराहार, असे हे कठीण व्रत आजोबा करीत. पूजा चंद्रोदयानंतरची. कृष्णपक्षात चंद्र रात्री उशिरा उगवतो. तेव्हा झोपी गेलेल्या विनायकास त्याची आई रुक्मिणीबाई उठवीत आणि आजोबा त्याच्या हातावर प्रसाद ठेवीत. येथे एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. व्रत आजोबांचे होते; परंतु पेंगुळलेल्या पोरास उठवून त्या व्रतापर्यंत नेणारी त्याची आई होती. थोर पुरुषाचे गुण घरात उतरतात ते बहुधा अशाच एखाद्या सुनेच्या हातून उतरतात, आणि कुलवृत्तांतात तिचे नाव क्वचितच येते.

गणेशोत्सवात आजोबा चंदन उगाळून त्याची मूर्ती घडवीत, आणि उगाळण्याच्या कामास सारी मुले बसत. पेणच्या मूर्तिकारांचे गणपती आज दूरदूर जातात. गागोद्याच्या या घरात मात्र देव मुलांच्या डोळ्यांदेखत आकारास येई. इतक्या श्रमाने घडविलेली मूर्ती पाण्यात सोडताना मुलांस वाईट वाटे. घडवावे, पूजावे आणि वेळ येताच सोडावे, हा धडा त्या वयात समजला नसेल. पण तो मनात राहिला.

या सर्वांहून आम्हांस महत्त्वाची वाटते ती त्या घरातील एका अंध वृद्धाची गोष्ट. मुले त्यांस काका म्हणत. त्यांचे जेवणखाण आणि आल्यागेल्याची देखभाल घरच्या मनुष्याप्रमाणेच होत असे. पुढे भावे कुटुंब बडोद्यास असताना त्यांच्या मृत्यूचे वृत्त आले. आप्त वारला की स्नान करावे लागे, सूतक पाळावे लागे. या वेळी तसे काहीच झाले नाही, म्हणून विनायकाने आईस कारण विचारले. तेव्हा त्यास प्रथमच कळले की ते काका नात्याचे कोणीच नव्हते. निराधार होते, म्हणून घरात ठेवून घेतलेले होते. सूतकाच्या शास्त्रास जो परका होता, तो पानावर कधी परका ठरला नाही. ते इतक्या सहजपणे चालले की घरच्या मुलांसही भेद कळला नाही.

असो. आता परिवाराच्या गणतीकडे येऊ. २५ मार्च १९१६ रोजी इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला विनायक वाटेत सुरतेस उतरला आणि काशीस गेला. घरी तो संसारासाठी परतला नाही. त्याचे बंधू बाळकोबा आणि शिवाजी यांनीही हीच वाट धरली. तिघेही आजन्म ब्रह्मचारी राहिले. घरातील वडीलधाऱ्यांस हे किती जड गेले असेल, याची कल्पना लेकुरवाळ्या घरांस सहज येईल. हाताशी आलेले तीन मुलगे, आणि एकाचेही लग्नाचे अक्षत घरात पडू नये! मृत्युलेखातील त्या ठराविक वाक्यात घालावयास या तिघांच्या बाजूने एकही नाव मिळाले नाही.

परंतु शंभुरावांच्या घरातील गणतीची रीत मुळात निराळी होती. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीन हरिजनांनी विनोबांपाशी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी या गृहस्थांनी १०० एकर देऊ केली. भूदानास तेथून आरंभ झाला. त्यानंतर गावोगाव पायी हिंडताना विनोबा जमीनदारांस म्हणत की, तुम्हांस पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा गरिबासाठी द्या. ही भाषा त्यांनी कोठून घेतली असावी? आम्हांस तरी तिचे मूळ गागोद्याच्या त्या अंध काकांच्या पानापाशी दिसते. भूदानात ४० लाख एकरांहून अधिक जमीन कबूल झाली. तीपैकी पुष्कळ जमीन वाटली गेली नाही, आणि पुष्कळ नापीक निघाली, हेही सत्य सांगितले पाहिजे. तथापि परक्यास वाटेकरी समजावे ही मागणी इतक्या घरांच्या दारांत पूर्वी कोणी नेली नव्हती.

दुसरे आजोबा रोह्याचे लक्ष्मणशास्त्री आठवले. कुंडलिकेकाठच्या या गावी १९ ऑक्टोबर १९२० रोजी त्यांचे नातू पांडुरंगशास्त्री जन्मले. नातू बारा वर्षांचा झाला तेव्हा शास्त्रीबोवांनी त्याच्या विद्याभ्यासाची स्वतंत्र आखणी केली. प्राचीन तपोवनाच्या धर्तीवर संस्कृत व्याकरण, न्याय, वेदान्त आणि साहित्य यांचे अध्ययन रोह्यातच झाले, आणि इंग्रजी वाङ्मयही वर्ज्य ठरले नाही. शाळेच्या दाखल्यास महत्त्व चढत असलेल्या त्या काळात हे धाडसच होते. हा नातू पुढे स्वाध्याय परिवाराचा प्रवर्तक झाला, आणि लाखो माणसे त्यास 'दादा' म्हणू लागली. कम्युनिटी लीडरशिपसाठीचे मॅगसेसे पारितोषिक १९५८ साली गागोद्याच्या नातवास मिळाले, आणि १९९६ साली तेच रोह्याच्या नातवास.

या दोघा आजोबांत साम्य कोणते? एकाने नातवास आपल्या नित्यक्रमाजवळ बसू दिले. दुसऱ्याने त्याच्या अभ्यासासाठी आपला विचार आणि वेळ खर्च केला. नातू पुढे काय होणार याचा करार दोघांनीही केला नव्हता.

आज आजोबा पेणेस आणि नातवंडे पुण्यास किंवा परदेशी, अशी कित्येक घरांची स्थिती आहे. त्याबद्दल हळहळत बसण्यात अर्थ नाही. विनोबांसही आजोबांचा सहवास सबंध बालपणभर मिळालाच नव्हता. सुट्टीत येणाऱ्या मुलांस घरात काय पाहावयास मिळते, हा खरा प्रश्न आहे. दारी आलेल्या माणसाशी आपण कसे बोलतो, कामास असलेल्या बाईस कोणत्या पेल्यात चहा देतो, आश्रितास पंक्तीत कोठे बसवितो, हे मुले पाहत असतात, आणि त्यावरूनच आपल्या घरात माणसे किती याचा हिशेब ती मनाशी मांडतात. वडीलधाऱ्यांच्या पश्चात उरतो तो हाच हिशेब.