पहिला मेकॅनिकल कीबोर्ड घेताना: मराठी लिहिणाऱ्यांसाठी गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिहिणाऱ्या माणसाची बोटे दिवसाचे कित्येक तास ज्या वस्तूवर असतात, तिची निवड मात्र सगळ्यात शेवटी होते. संगणकाबरोबर आलेला कीबोर्ड वापरायचा, तो बिघडला की पाचशे रुपयांचा दुसरा आणायचा, ही आपली रीत. अलीकडे अनुवादक, पत्रकार, डीटीपी करणारे आणि विद्यार्थी मेकॅनिकल कीबोर्डचा विचार करू लागले आहेत, हे चांगलेच आहे. पण त्याबद्दल मिळणारा बहुतेक सल्ला गेम खेळणाऱ्यांसाठी किंवा इंग्रजी टाइप करणाऱ्यांसाठी असतो. मराठी लिहिणाऱ्याची गरज त्यात येतच नाही, आणि मग चार-पाच हजार रुपये खर्चूनही चुकीची वस्तू घरात येते.

आधी रचना पाहू. साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबरी फुगवट्यांचा एकच पडदा असतो आणि त्याखाली विद्युत-मार्ग छापलेले प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे. बटण जवळजवळ तळापर्यंत गेले की अक्षर उमटते. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक दांडी, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या असतात. जर्मनीच्या चेरी कंपनीच्या एमएक्स मालिकेतल्या नेहमीच्या स्विचमध्ये दांडी 4 मिलिमीटर खाली जाऊ शकते, पण साधारण 2 मिलिमीटरवरच अक्षराची नोंद होते. म्हणून तळापर्यंत दाबावे लागत नाही, आणि पडदा मऊ पडून सगळा कीबोर्ड निकामी होण्याचा प्रश्नही येत नाही.

गैरसमज: हे गेम खेळणाऱ्यांचे खूळ आहे.

वस्तुस्थिती: हे कीबोर्ड मुळात कचेऱ्यांतले. चेरीचे एमएक्स स्विच 1980च्या दशकातले आहेत. आयबीएमने 1985 मध्ये आणलेला, स्प्रिंगवर चालणारा मॉडेल एमही कार्यालयीन कामासाठीच होता. रबरी पडद्याचे कीबोर्ड स्वस्तात बनतात म्हणून नंतर सर्वत्र पसरले. आपल्याकडे टीव्हीएस गोल्ड हा मेकॅनिकल कीबोर्ड बँकांत, बिलिंग काउंटरवर आणि डीटीपी सेंटरमध्ये वर्षानुवर्षे वाजत आला आहे. रंगीत दिव्यांचा टायपिंगशी काहीही संबंध नाही. पैसे मोजकेच असतील तर ते दिव्यांवर घालवू नयेत.

गैरसमज: लाल, तपकिरी, निळा या स्विचच्या चढत्या प्रती आहेत.

वस्तुस्थिती: रंगावरून दर्जा ठरत नाही, रंग फक्त बोटाला काय जाणवेल ते सांगतो. चेरीच्या लाल स्विचमध्ये दांडी वरपासून खालपर्यंत सरळ, अडथळ्याविना जाते. त्याला सुमारे 45 सेंटिन्यूटन जोर लागतो, म्हणजे बोटाखाली 45-46 ग्रॅम वजन पेलण्याइतका. तपकिरी स्विचमध्ये मध्येच एक छोटा उंचवटा लागतो आणि तिथे जोर 55 पर्यंत जातो. निळ्या स्विचमध्ये उंचवट्याबरोबर स्पष्ट ‘टक्’ असा आवाजही येतो आणि जोर 60 लागतो. तिन्ही तितकेच चांगले. शिवाय हा रंगांचा संकेत सगळ्या कंपन्या पाळतात असे नाही. गेटरॉनचा पिवळा स्विच सरळ जाणारा आहे, तर कैल्हचा बॉक्स व्हाइट आवाज करणारा. रंग पाहून नव्हे, सरळ, उंचवट्याचा की आवाजाचा हा प्रकार आणि लागणारा जोर वाचून निवड करावी.

गैरसमज: मेकॅनिकल म्हणजे घरभर खडखडाट.

वस्तुस्थिती: मुद्दाम केलेला आवाज फक्त निळ्या वर्गातल्या स्विचमध्ये असतो. बाकी आवाज येतो तो दांडी तळावर आणि परत वर आपटण्याचा, आणि तो खोक्याची पोकळी, स्विच बसवलेली आतली पट्टी आणि टेबल यांवर ठरतो. रबराची टोके बसवलेले सायलेंट स्विचही मिळतात. दोन खोल्यांच्या घरात रात्री काम करायचे असेल तर निळा स्विच घेऊच नये. कीबोर्डखाली जाड कापडी मॅट घातली तरी बराच फरक पडतो.

गैरसमज: मराठीसाठी मराठी अक्षरे छापलेलाच कीबोर्ड लागतो.

वस्तुस्थिती: कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवतच नाही. कोणत्या जागेचे बटण दाबले गेले एवढेच तो कळवतो. त्या जागेवर ‘K’ उमटवायचे की ‘क’, हे संगणकातली कीबोर्ड मांडणी ठरवते. त्यामुळे इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन या मांडण्या किंवा इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारी पद्धत, यांपैकी काहीही कोणत्याही मेकॅनिकल कीबोर्डवर चालते. नव्याने शिकणाऱ्याला छापील अक्षरांचा आधार हवा असेल तर पारदर्शक स्टिकर मिळतात. पण न बघता टाइप करायला शिकायचे असेल तर बटणांवर मराठी अक्षरे नसलेली बरी.

गैरसमज: छोटा कीबोर्ड म्हणजे तोच कीबोर्ड, फक्त सुटसुटीत.

वस्तुस्थिती: इंग्रजीत हे बरेचसे चालून जाते, मराठीत नाही. इंग्रजीची 26 अक्षरे मधल्या तीन रांगांत मावतात. इनस्क्रिप्टमध्ये मात्र आपली नेहमीची अक्षरे उजव्या कडेपर्यंत पसरलेली आहेत. अर्धविरामाच्या बटणावर ‘च’, अवतरणचिन्हाच्या बटणावर ‘ट’, चौकटी कंसावर ‘ड’, तिरप्या रेघेवर ‘य’. ‘कृ’मधला ऋकार बरोबरच्या चिन्हावर आणि ‘ऑफिस’सारख्या शब्दांतला ‘ऑ’ उलट्या तिरप्या रेघेच्या बटणावर शिफ्टसह येतो. ज्ञ, त्र, क्ष, श्र ही जोडाक्षरे आकड्यांच्या रांगेत शिफ्टसह आहेत. त्यामुळे आकड्यांची रांग आणि चिन्हांची बटणे काढून टाकलेला ‘40 टक्के’ आकार मराठीच्या कामाचा नाही.

दुसरी गोष्ट शिफ्टची. ‘आणि’ हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये लिहिताना ‘आ’ आणि ‘ण’ दोन्हींसाठी शिफ्ट लागते. ती दोन्ही अक्षरे डाव्या हाताच्या बटणांवर आहेत, म्हणून शिफ्ट उजव्या हाताने दाबावी लागते. ‘65 टक्के’ आणि ‘75 टक्के’ आकाराच्या बहुतेक कीबोर्डांवर बाणांना जागा करून देण्यासाठी नेमकी उजवी शिफ्टच आखूड केलेली असते. ती चालेल का, हे घेण्यापूर्वी पाहायला हवे. सगळ्यात निर्धोक आकार टीकेएल, म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा चौकोन नसलेला 87 बटणांचा. हिशेबाचे काम असेल तर पूर्ण 104 बटणांचाच घ्यावा.

तिसरी गोष्ट करंगळीची. ‘च्या’ हा प्रत्यय मराठीत पानोपानी येतो. इनस्क्रिप्टमध्ये त्याला चार बटणे लागतात आणि त्यांतली ‘च’ व ‘य’ ही दोन्ही उजव्या करंगळीच्या वाट्याची. आपल्या सगळ्यात दुबळ्या बोटावर मराठी इतका भार टाकते. म्हणून इनस्क्रिप्टमध्ये भरपूर लिहिणाऱ्याने 60 ऐवजी 45 सेंटिन्यूटनच्या आसपासचा हलका स्विच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. इंग्रजी टाइप करणाऱ्यांच्या सल्ल्यात ही बाब कधीच येत नाही.

गैरसमज: मेकॅनिकल घेतला की वेग वाढतो.

वस्तुस्थिती: फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाने केंब्रिजच्या साथीने 1,68,000 स्वयंसेवकांचे इंग्रजी टायपिंग तपासून 2018 मध्ये निष्कर्ष मांडले. वेगवान टाइप करणारे आधीचे बटण सोडण्यापूर्वीच पुढचे दाबतात, आणि त्यांच्या चुकाही कमी होतात. याचा अर्थ वेग बोटांच्या सवयीतून येतो. चांगला स्विच सगळ्या बटणांचा दाब एकसारखा ठेवतो आणि थकवा कमी करतो. सराव आपल्यालाच करावा लागतो.

गैरसमज: हात दुखायचे थांबतात.

वस्तुस्थिती: हा गैरसमज घातक आहे, कारण त्यापायी दुखणे अंगावर काढले जाते. बहुतेक मेकॅनिकल कीबोर्ड साध्या कीबोर्डपेक्षा उंच असतात. मागचे पाय उघडून ते आणखी तिरपे केले की मनगट वरच्या बाजूला वाकते आणि ताण वाढतो. पाय मिटलेले ठेवावेत, कोपर बटणांच्या उंचीला यावे आणि मनगट सरळ राहावे. टेबल उंच असेल तर कमी उंचीचे लो-प्रोफाइल स्विच असलेला कीबोर्ड पाहावा. मुंग्या येत असतील किंवा दुखणे टिकून राहत असेल तर डॉक्टरांकडे जावे. त्यावर कीबोर्ड हा इलाज नाही.

गैरसमज: आकडे आणि किंमत जितकी मोठी, तितका कीबोर्ड चांगला.

वस्तुस्थिती: खोक्यावर 5 कोटी किंवा 10 कोटी दाबांचे आयुष्य लिहिलेले असते. एका बटणावर रोज 5,000 वेळा बोट पडले तरी 5 कोटी दाब भरायला 27 वर्षे लागतील. त्यामुळे 10 कोटींसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. बटणाच्या टोप्यांचेही तसेच. पीबीटी प्लॅस्टिक घासून लवकर चकाकत नाही हे खरे, पण दुहेरी साच्यातून काढलेल्या एबीएस टोपीवरचे अक्षरही पुसले जात नाही. खरोखर पैसे वसूल करणारी सोय एकच, हॉट-स्वॉप. त्यात सोल्डरिंग न करता चिमट्याने स्विच काढून दुसरा बसवता येतो. एखादा स्विच बिघडला किंवा निवड चुकली तर नवा कीबोर्ड घ्यावा लागत नाही. पहिल्या खरेदीत ही सोय आवर्जून पाहावी.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आपण कोणत्या पद्धतीने मराठी लिहितो, हे आधी. त्यावरून आकार. मग शेजारी कोण बसते किंवा झोपते, त्यावरून आवाज. मग बोटांना सोसेल तो जोर. ब्रँड, रंग आणि दिवे या सगळ्यानंतर. शक्य असेल तर दुकानात आपल्याच एखाद्या लेखाचा परिच्छेद इनस्क्रिप्टमध्ये टाइप करून पाहा, आणि ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत वाचून घ्या. आपली लिपी संगणकावर यावी म्हणून अनेकांनी कष्ट घेतले आहेत. ती रोज लिहिणाऱ्यांनी आपली अवजारेही आपल्या भाषेच्या मापाने निवडायला हवीत.