एका मीटिंगवरून निकाल नको

दारू सोडू पाहणाऱ्याने एकाच मीटिंगवरून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसला नापास करू नये. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेचा प्रत्येक गट स्वायत्त असतो. भाषा, वेळ, माणसं बदलली की वातावरणही बदलतं. ‘ओपन’ मीटिंगला घरचेही बसू शकतात, ‘क्लोज्ड’ मात्र दारू सोडू इच्छिणाऱ्यांपुरतीच. देवाचा उल्लेख खटकतो, हा आक्षेप रास्त आहे. पण सदस्यत्वाची अट श्रद्धा नसून दारू सोडण्याची इच्छा, एवढीच आहे. नुसत्या बोलण्याने काय होणार? वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात या संघटनेच्या बारा पायऱ्यांवर आधारलेले उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. दारू थांबवताच हात थरथरत असतील, तर मात्र आधी डॉक्टर गाठावा. मग चार-पाच गट पाहून, जिथे पुन्हा जावंसं वाटेल तो धरावा.