रुळांचा फाटा

चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या फोटोंचा ढीग चाळताना एक पथ्य पाळायचं असतं. विकणाऱ्यासमोर एकाच फोटोकडे फार वेळ बघायचं नाही. बघितलं की भाव चढतो. मला हे पथ्य आजवर कधी जमलेलं नाही, त्यामुळे हे कार्ड चांगलंच महागात पडलं.

तपकिरी पोस्टकार्ड, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. खाली इंग्रजीत दोनच गोष्टी छापलेल्या: गावाचं नाव आणि ‘रस्त्याचं दृश्य’. मधोमध एक बैलगाडी, तिच्याकडे बघणारी दोन पोरं, उंच टोपी घातलेला एक पारशी गृहस्थ. एका कडेला तीन मजली घर, प्रत्येक मजल्याला लाकडी गॅलरी, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. फोटोग्राफरला बैलगाडी हवी होती, हे उघड आहे. माझं लक्ष गेलं ते अगदी खालच्या कडेकडे. तिथे रुळांची एक जोडी चित्रात शिरते आणि बैलगाडीच्या अलीकडेच तिचे दोन फाटे होतात.

मुंबईच्या गेलेल्या ट्रामचा माग काढणाऱ्याला असा फाटा दिसला की त्याची झोप उडते. लाकडी गॅलऱ्यांची घरं शहरभर होती. त्यांच्यावरून जागा ओळखणं म्हणजे विटेवरून भिंत ओळखण्यासारखं. फाटे मात्र मोजके. शिवाय ट्राम काही सायकलसारखी कोपऱ्यावर चटकन वळत नाही. तिचा रूळ वळणाच्या बराच आधीपासून कलायला लागतो, म्हणून त्या कलावरून पुढचे दोन रस्ते एकमेकांशी केवढा कोन करत असतील, याचा अदमास येतो.

पण आधी काळ. मुंबईत घोड्याची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ रोजी. पहिल्या दोन वाटा म्हणजे कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी आणि बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणी. विजेची ट्राम ७ मे १९०७ला धावली, दुमजली ट्राम सप्टेंबर १९२०मध्ये आली, बस १५ जुलै १९२६ला, आणि बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री गेली. या पाच तारखा पाठ असल्या की निम्मं काम होतं असं वाटतं. माझंही तसंच झालं. कार्डावर भिंग फिरवलं, आकाशात एकही तार नाही. म्हणजे वीज नाही, म्हणजे घोड्याचा जमाना, म्हणजे १९०७च्या आधी. वहीत लिहून मोकळा झालो.

बेस्टच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. असं काही सापडलं की मी त्यांच्याकडे जातो. त्यांनी ट्राम लहानपणी पाहिलेली, नोकरीत नव्हे, तरीही त्यांची नजर मेकॅनिकची. कार्ड हातात घेऊन ते म्हणाले, “तारा कसल्या शोधताय? तारा त्या काळच्या फोटोत दिसतच नाहीत. खांब बघा.”

त्यांचं खरं होतं. जुन्या काचेच्या प्लेटवरचं रसायन निळ्या रंगाला फार हळवं असायचं. रस्ता नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरंफेक होई आणि त्यात बारीक तार विरून जाई. जी उरे, ती कार्ड छापणारे ब्रशनं पुसून टाकत, कारण गिऱ्हाइकाला स्वच्छ आकाश हवं असे. खांब मात्र घरांच्या पार्श्वभूमीवर उभा असतो, त्याला पुसणं सोपं नसतं. मी ज्याला रस्त्यावरचा दिवा समजून सोडून दिलं होतं, त्या खांबाच्या डोक्यावर दिवाच नव्हता. रस्त्याकडे झुकलेला एक लोखंडी हात होता, आणि तोही फोटोच्या चौकटीनं अर्धा कापलेला.

“आता वहीतलं खोडा,” काका म्हणाले.

मग कार्ड उलटलं. खरं तर ते आधी उलटायला हवं होतं. तिकीट सातव्या एडवर्डचं, शिक्का पुसट. एडवर्ड १९१०मध्ये वारला; त्याची शिल्लक तिकिटं पुढेही काही काळ चालली असतील. म्हणजे फोटो विजेचे खांब उभे राहिल्यावरचा आणि कार्ड साधारण १९१०-११पर्यंत टाकलेलं. बत्तीस-तेहतीस वर्षांचा पसारा चार-पाच वर्षांवर आला. मजकूर मोडीत, पेन्सिलीचा. मोडी वाचणाऱ्या एका बाईंनी तो लावून दिला: सुखरूप पोहोचलो, सामान मागाहून येईल. लिहिणाऱ्याला चित्राशी काही कर्तव्य नव्हतं. स्टेशनाबाहेर जे कार्ड मिळालं ते त्यानं घेतलं असणार.

काळ ठरवायला पुतळे आणि इमारती चांगल्या, असं पुस्तकी लोक सांगतात. ते अर्धंच खरं. काळ्या घोड्याचंच बघा. घोड्यावरचा एडवर्ड तिथे १८७९मध्ये बसला आणि १९६५मध्ये भायखळ्याच्या बागेत गेला. ट्राम त्याच्या आधी वर्षभर बंद झालेली. म्हणजे ट्रामचा फोटो असेल तर घोडा बहुतेक असणारच. त्याच्या असण्यातून काही कळत नाही, नसेल तरच कान टवकारायचे. त्यापेक्षा बोरीबंदरचा चौक फार बोलका. महापालिकेची इमारत नसेल तर १८९३च्या आधीचा फोटो. इमारत आहे, पण समोर फिरोजशहा मेहता उभे नाहीत, तर १९२३च्या आधीचा. व्हीटीच्या दर्शनी बाजूवर लख्ख ऊन असेल तर दुपार कललेली, कारण ती बाजू पश्चिमेला आहे. हे एवढं सगळं एका चौकात मिळतं. माझ्या कार्डात मात्र बैल होता.

इथे एक जुनी फजिती सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी हॉर्नबी रोडचा, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गाचा, एक फोटो माझ्याकडे आला होता. दोन्ही बाजूंना कमानी, मधून ट्राम. विजेच्या ट्रामच्या टपावरचा दांडा तारेला टेकलेला असतो आणि तो नेहमी मागे कललेला असतो. ट्राम शेवटच्या थांब्याला पोचली की कंडक्टर दोरीनं तो फिरवून घेई आणि मग परतीचा प्रवास सुरू होई. त्यामुळे स्तब्ध फोटोतही ट्राम कुठे निघाली आहे ते कळतं. या फोटोतली ट्राम माझ्याकडे येत होती, आणि रस्त्याच्या भलत्याच बाजूनं येत होती. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. मी दोन दिवस खपून एक सिद्धांत रचला: त्या ठिकाणी खोदकाम चालू असणार, म्हणून वाहतूक दुसऱ्या रुळावर वळवलेली. छान नकाशाही काढला. तिसऱ्या दिवशी बायको चहा ठेवताना म्हणाली, “या सगळ्या माणसांचे सदरे उलट्या बाजूनं कसे लावलेत?” काचेची प्लेट पालथी ठेवून प्रत काढलेली होती. तो नकाशा मी अजून जपून ठेवला आहे, माज आला की बघायला.

तर आता जागा. ज्या नाक्यांवर फाटे असायचे त्यांतले बोरीबंदर आणि क्रॉफर्ड मार्केट लगेच बाद. तिथे मोकळी जागा आणि दगडी इमारती डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाहीत. उरले जे.जे.चा नाका, पायधुणी, धोबीतलाव. इथे रूळच फूटपट्टी होतात. मुंबईच्या ट्रामच्या दोन रुळांतलं अंतर चार फूट साडेआठ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटर. आगगाडीच्या जगातलं प्रमाण माप तेच. फोटो मोठा करून घेतला. ज्या आडव्या रेषेवर रुळांतलं अंतर १८ मिलिमीटर भरलं, त्याच रेषेवर रस्ता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत १२० भरला. म्हणजे रस्ता रुळांच्या जवळजवळ पावणेसात पट, साडेनऊ मीटरच्या आसपास. रेषा तीच हवी; जरा वर-खाली झाली तर आकडा फसवतो, कारण लांबचे रूळ जवळ येत जातात. या आकड्यानं जागा सापडत नाही, पण बऱ्याच जागा बाद होतात; जे.जे.चा नाका असाच गेला.

पायधुणी की धोबीतलाव, यात मी आठवडाभर लटकलो होतो. शेवटी प्रिंट घेऊन रविवारी सकाळी सातला धोबीतलावला गेलो. सातनंतर तिथे रस्त्यात उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ.

मेट्रो सिनेमा १९३८चा, त्यामुळे तो कार्डात असण्याचा प्रश्न नव्हता. त्याच्याकडे पाठ केली. समोर जेर महाल. खाली कयानीचं दुकान, १९०४पासूनचं. वर गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या गोवेकरांच्या खोल्या. बोटीवर चढण्याआधी आणि उतरल्यावर कित्येक खलाशांनी इथे पाठ टेकली. कार्डातली गॅलरी आणि समोरची गॅलरी मी आळीपाळीनं बघत राहिलो. कठडे बदललेले, पत्रे ठोकलेले, तारांचं जंजाळ. तपशील जुळवत बसलं तर काहीच जुळत नाही. जुळवायच्या असतात त्या कडा. जवळच्या इमारतीची उभी कड लांबच्या इमारतीच्या कितव्या खिडकीवर येते, हे फोटोत बघायचं आणि रस्त्यावर पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकत तेच गणित पुन्हा मांडायचं. एक पाऊल चुकलं तरी खिडकी सटकते. लांबची इमारत आता राहिलेली नव्हती, म्हणून मी जेर महालाचा कोपरा आणि रस्त्याचा कल, एवढ्यावरच भागवलं.

वाहतूक पोलीस आला. “काय मोजताय साहेब?”

कार्ड दाखवलं. त्यानं हेल्मेट न घातलेल्या एका पोराला हातानंच थांबवलं, कार्ड निरखलं आणि म्हणाला, “हा रस्ता तर गिरगावात जातोय.” मग हात दुसरीकडे करून, “आणि हा काळबादेवीला. गाडी इथूनच फुटणार ना?”

मला आठवडा लागला होता. वडील सांगायचे की धोबीतलावाच्या आधी ट्रामची पाटी नीट वाचायची, नाहीतर गिरगावात उतरणारा काळबादेवीत पोचायचा. ते वाक्य मी पन्नास वेळा ऐकलं होतं, आणि तरी पायधुणीचे नकाशे पालथे घालत बसलो होतो.

एक गोष्ट कार्डावरून कळली ती उंचीची. पारशी गृहस्थाची टोपी वरून दिसते, म्हणजे कॅमेरा जमिनीवर नव्हता, कुणाच्या तरी पहिल्या मजल्यावर होता. त्या मजल्याच्या जागी आता हवाच आहे. मी फुटपाथवरून फोटो काढला. त्यात बस आहे, तीन टॅक्सी आहेत आणि पोलिसाचा हात आहे.

रूळ दिसले नाहीत, दिसणारही नव्हते. ट्राम बंद झाल्यावर काही ठिकाणी रूळ उखडण्याऐवजी वरून डांबर ओतलं गेलं. फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी खणताना काळ्या फरसबंदीत बसवलेले रूळ वर आले, तेव्हा लोक बघायला गर्दी करत होते. धोबीतलावाखाली काय आहे कोण जाणे. गिरगाव-काळबादेवीच्या पोटातून आता भुयारी मेट्रो जाते. तिच्या स्थानकांसाठी जुन्या चाळी पाडाव्या लागल्या. ज्या घरांच्या गॅलऱ्यांतून ट्राम दिसायची, त्यांतली काही अशी गेली. आणि या नाक्यावर ‘मेट्रोजवळ भेटू’ म्हणणाऱ्याला ‘सिनेमा की गाडी?’ असं विचारावं लागतं.

काकांना फोटो दाखवला. माझ्या फोटोत त्यांना रस नव्हता. त्यांनी पुन्हा कार्डच घेतलं आणि खांबाचा कापलेला हात अंगठ्यानं झाकून बघितला. “छापणाऱ्यानं अर्धा इंच अजून कापला असता तर?”

तेवढ्यासाठीच हे लिहिलं. गिरगाव, काळबादेवी, लालबाग, परळ, भायखळा, ग्रँट रोड, दादर टीटी या भागांत ज्यांच्या आजी-आजोबांची बिऱ्हाडं होती, त्यांच्या घरात मुंजीचे, वरातीचे, गॅलरीतून काढलेल्या गणपतीच्या मिरवणुकीचे फोटो असतील. त्यांचे स्कॅन करताना माणसं मोठी दिसावीत म्हणून कडा कापू नका. अख्खा फोटो घ्या, पांढऱ्या चौकटीसकट, आणि मागची बाजूही घ्या. आजोबांच्या पायाशी एखादा रूळ असेल.