दाईच्या तोंडून दरबारी काव्य

जपानी लाकडी ठशांची चित्रे म्हटली, की आपल्याकडे होकुसाईची ती प्रचंड लाट तेवढी आठवते. तिच्या कीर्तीपुढे याच चित्रकाराची एक अधिक अर्थपूर्ण मालिका झाकोळून गेली आहे. वयाच्या पंचाहत्तरीत, १८३५ च्या सुमारास, त्याने शंभर कवींची शंभर काव्ये एका दाईच्या निरूपणातून चित्रित करावयास घेतली.

ही काव्ये तेराव्या शतकात फुजिवारा तेइका याने निवडली, अशी परंपरा आहे. सम्राट, सरदार, दरबारी स्त्रिया आणि भिक्षू हे त्यांचे कर्ते. पुढे पत्त्यांच्या खेळातून ती घरोघर पाठ झाली खरी. परंतु त्यांतील जग दरबाराचेच राहिले. दाई मात्र आपल्या ओळखीच्या जगातूनच अर्थ लावणार! सम्राट तेंजीच्या नावावरील कवितेत शेतातील झोपडीचे विरळ छप्पर आहे, दवाने भिजलेली बाही आहे. होकुसाईने सम्राटाला बाजूस सारून सुगीच्या दिवसांतील शेतकरी रेखाटले.

ओनो नो ताकामुरा हा नवव्या शतकातील दरबारी. दूरच्या बेटावर हद्दपार होताना, आपण निघाल्याचे राजधानीत कळवा, असे तो कोळ्यांच्या होड्यांना विनवतो. कवितेत कोळी केवळ निरोप्या आहे. चित्रात कवी कोठेच नाही. आहेत त्या लाटांत बुडी मारून शिंपले काढणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्याकडे टक लावून बसलेले नावेतील पुरुष. हे विडंबन म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांच्यापाशी निरोप दिला, त्यांचा स्वतःचा दिवस कसा जातो, एवढेच चित्रकाराने विचारले. किनाऱ्यावर जन्म काढलेल्या वाचकास त्याचे उत्तर वेगळे सांगावयास नको. त्याच सुमारास जपान भीषण दुष्काळाने होरपळत होता, हेही ध्यानी ठेवावे.

शंभरांपैकी अवघी सत्तावीस चित्रे रंगांत छापून विक्रीस आली. ठसे कोरणारा कारागीर चित्राचे रेखाटन चेरीच्या फळीवर उपडे चिकटवून कागदासकट लाकूड कोरीत असे. छापल्या जाणाऱ्या चित्राचे मूळ त्यातच नाहीसे होई. न छापलेल्यांपैकी साठेक रेखाटने मात्र ठसेकाराच्या पटाशीखाली कधी गेलीच नाहीत, आणि म्हणूनच ती आजही निरनिराळ्या संग्रहांत पाहावयास मिळतात.