मांडवाआधीची परवानगी

मुंबईत गणपतीचे वेध लागतात ते आधी कागदपत्रांतून. रस्त्यावर किंवा पदपथावर मांडव घालायचा, तर सार्वजनिक मंडळाला महापालिकेची परवानगी लागते. अर्ज ऑनलाइन भरतात. स्थानिक पोलीस, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन दल हे सारे आपापल्या बाजूने जागा तपासतात.

ही तपासणी म्हणजे निव्वळ सोपस्कार नव्हे. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातल्या डबवाली येथे शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाला आग लागली. छताला कृत्रिम धाग्याचे कापड होते आणि बाहेर पडायची वाट अपुरी. चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुसंख्य मुले आणि स्त्रिया होत्या. फेब्रुवारी 2016मध्ये गिरगाव चौपाटीवर ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातल्या कार्यक्रमाचे भव्य व्यासपीठ पेटले. वेळीच सर्वांना बाहेर काढल्याने जीवितहानी टळली.

म्हणूनच मांडवाची उंची, सांगाड्याची मजबुती, विजेची जोडणी आणि बाहेर पडायच्या वाटा पाहिल्या जातात. रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब जाईल एवढा रस्ता मोकळा राहणेही तितकेच महत्त्वाचे.

ठाण्यातून दाखल झालेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2015मध्ये रस्ते अडवणाऱ्या मांडवांबाबत कडक भूमिका घेतली.

खड्ड्यांचा प्रश्न वेगळाच. बांबूसाठी रस्ता खणल्यास महापालिका दंड आकारते. 2025मध्ये तो प्रत्येक खड्ड्यामागे 15,000 रुपये केला होता. मंडळांच्या विरोधानंतर पुन्हा 2,000वर आला. ध्वनिक्षेपकासाठी मात्र पोलिसांची स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते.