विडीच्या सुपापासून विधानसभेपर्यंत

सोलापूर नरसय्या आडम यांना ‘आडम मास्तर’ म्हणूनच ओळखते. कामगार युनियनमधून आलेले हे मार्क्सवादी पुढारी १९७८ साली आमदार झाले. पुढे १९९५ आणि २००४ मध्येही. मधल्या काळात आमदारकी गेली, युनियन सुटली नाही. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या पद्मशाली बाया आणि आपल्या आयाबहिणी मोर्चात बरोबरीने चालल्या. त्यातून कुंभारीत विडी कामगार महिलांची १०,००० घरे उभी राहिली. नंतर रे नगर आले. तिथल्या १५,००० घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये मिळाला. घर झाले, हे थोडे नाही. पण त्या घरातली मुलगीही तंबाखूच्या धुळीतच बसणार का? पुढच्या उमेदवाराला आम्ही हेच विचारू.