तबकातलं रान : चिंचोक्यापासून बोन्साय-वन

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की आम्ही तत्त्वज्ञान सोडून बागकामाकडे वळलो की काय. तसं नाही. आज आपल्याला एक जुनाच प्रश्न विचारायचा आहे, फक्त तो मातीत हात घालून विचारायचा आहे. झाडं किती झाली म्हणजे त्यांचं वन होतं?

मिलेटसच्या युबुलिडीजच्या नावावर, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातलं, एक कोडं सांगितलं जातं. धान्याचा एक दाणा म्हणजे रास नव्हे. त्यात दुसरा टाकला, तरी रास होत नाही. मग एकेक दाणा वाढवत गेलो, तर रास होते तरी कधी? नेमका आकडा कोणालाच सांगता येत नाही. आणि तरीही खळ्यावरची रास आपण पाहताक्षणी ओळखतो. वनाचंही तसंच आहे.

आता जपानी बोन्साय-कला या कोड्याचं काय करते ते पाहू. 'बोन' म्हणजे उथळ कुंडी, 'साय' म्हणजे लावणी. एकाच कुंडीत अनेक झाडं लावून वन उभं करण्याच्या पद्धतीला 'योसे-उए' म्हणतात. आणि रोप विकत न आणता, छाट कलम न करता, थेट बियांपासून वाढवण्याला 'मिशो' म्हणतात. आज या दोन्ही गोष्टी आपण एकत्र पाहणार आहोत.

योसे-उएमध्ये झाडं थोडी असतील तर विषम संख्या घेतात: तीन, पाच, सात, नऊ. का? सम संख्या दिसली की डोळा लगेच दोन सारखे भाग पाडतो. डझनाच्या पुढे मात्र हा नियम सोडून देतात, कारण तिथे डोळा मोजायचंच थांबवतो. म्हणजे युबुलिडीजला इथे एक उत्तर मिळालं म्हणायचं: मोजणं थांबतं तिथे वन सुरू होतं. पण हे उत्तर पुरेसं नाही, बरं का! रोपवाटिकेत पाचशे रोपं ओळीने उभी असतात. त्यांना कोणी वन म्हणत नाही. आणि नीट लावलेली पाच झाडं मात्र वनासारखी वाटतात. तेव्हा वन संख्येत नसतं, झाडांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात असतं. हे नातं कसं तयार होतं ते कृतीतून पाहू.

जपानी लोक मेपल, पाइन वगैरे घेतात. मेपलच्या बीला रुजण्यापूर्वी ओलसर थंडीचे काही महिने लागतात. पुणे-नाशिककडे तो खटाटोप कशाला? आपल्याकडे चिंच आहे. पान बारीक, खोड लवकर जून दिसणारं, आणि बी फुकट.

उन्हाळ्यात चिंचा फोडल्या, की चांगले टपोरे तीस-चाळीस चिंचोके बाजूला ठेवा. चिंचोक्याचं कवच फार टणक असतं. ते एका बाजूने खरबरीत दगडावर थोडंसं घासा आणि चिंचोके रात्रभर पाण्यात ठेवा. मग बोटाच्या एका पेराइतके खोल पेरा. आठ-पंधरा दिवसांत जाड बीजपत्रं माती उचलून वर येतात. काही येतात, काही येत नाहीत. काही महिनाभराने, आपण आशा सोडल्यावर येतात.

इथे उतावीळपणा करू नका. चिंचेचं सोटमूळ सरळ खाली धावतं, आणि उथळ कुंडीत त्याला जागा नाही. म्हणून पहिल्या बदलीच्या वेळी सोटमूळ छाटायचं, म्हणजे बाजूची मुळं पसरतात. मग तीन-चार वर्षं ही रोपं वेगवेगळी वाढू द्यायची.

आता कोणी म्हणेल, बियांपासून बोन्साय म्हणजे आयुष्य संपलं! एकट्या झाडाच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. खोडाला भारदस्तपणा यायला पंधरा-वीस वर्षं सहज जातात. पण वनाची गंमत इथेच आहे. दाट रानातली झाडं बारीक आणि उंचच असतात, कारण उजेडासाठी त्यांची चढाओढ चाललेली असते. जे शिडशिडीत रोप एकटं उभं केलं तर पोरकट दिसतं, तेच नऊ जणांत शोभून दिसतं. त्यामुळे बी पेरणाऱ्यासाठी वन हाच जवळचा रस्ता आहे.

दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका झाडाची छाट कलमं केली तर ती सगळी मूळ झाडाची नक्कल असतात. जपानात मेपलच्या वनासाठी काही कलावंत मुद्दाम तशीच कलमं घेतात, कारण मग सगळ्या झाडांना पालवी एकदम फुटते आणि पानं एकदम रंगतात. त्यात एक सौंदर्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. बियांची झाडं तसं करत नाहीत. एक आधी पालवतं, एक मागे राहतं, एकाचं पेर आखूड, एक जन्मतःच वाकडं. ओळीत उभं करायचं तर हा दोष आहे. वन करायचं तर हेच भांडवल आहे.

कसं ते मांडणीत दिसेल. कुंडी दोन इंच खोल पुरे. पाणी वाहून जायला भोकं हवीत, भोकांवर जाळी, आणि मुळं बांधायला जाळीतून वर घेतलेली तार. मातीत वीटचुरा, जाडी वाळू आणि थोडं कुजलेलं खत. पाणी साचलं की मुळं कुजतात. पावसाळ्याच्या तोंडाशी लावणी करा. सर्वांत जाड आणि उंच झाड आधी लावा, पण अगदी मध्यावर नको, मध्यापासून थोडं बाजूला. त्याच्या जवळ दुसऱ्या क्रमांकाचं. मग कडेला जाल तसतशी बारीक आणि बुटकी. समोरून पाहताना कोणतीही तीन झाडं एका रेषेत नकोत, आणि एकाने दुसऱ्याला पुरतं झाकायला नको. मोठी पुढे आणि छोटी मागे ठेवलीत, तर रान खोलवर गेल्यासारखं वाटतं. वाकडं रोप फेकू नका. त्याला कडेला, बाहेर झुकतं लावा. रानाच्या कडेची झाडं उजेडाकडे अशीच झुकतात. मधल्या झाडांच्या आतल्या फांद्या काढून टाका, कारण खऱ्या रानात त्या सावलीने मरतात.

बघा, आता सगळीच रोपं सारखी असती, तर थोरलं कोण आणि कडेचं कोण? जागाच ठरली नसती.

दोन-चार वर्षांत मुळं एकमेकांत गुंततात आणि त्यांची एक चटई होते. त्यानंतर कुंडी बदलताना एकेक झाड सुटं करता येत नाही, सगळं वन एकदम उचलावं लागतं. एखादं झाड मेलं तर तिथे मोकळी जागा राहते, आणि आपण त्याला रानातली मोकळी जागाच म्हणतो. रास एका दाण्याने मोडत नाही, तसं.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात जॉन नाका यांचं 'गोशिन' नावाचं वन आहे. 1948 साली त्यांनी त्याची सुरुवात केली. पुढे झाडं वाढत गेली आणि अकरा झाली, प्रत्येक नातवंडाचं एक. 1984 साली त्यांनी ते देऊन टाकलं.

एक आक्षेप नेहमी येतो: हा झाडाचा छळ नाही का? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपण मुळं कापतो, फांद्या कापतो, आणि झाडाला विचारत नाही. पण कुंडीतल्या झाडाची मुळं कधीच छाटली नाहीत, तर ती भिंतीला गोल फिरत दाटतात आणि झाड खंगतं. त्याच वृक्षोद्यानात 1625 पासून जोपासलेला एक पाइन आहे. 1945 साली हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा तो त्याच शहरात होता, आणि तो आजही जिवंत आहे. छळाने झाड इतकी वर्षं टिकत नाही. मात्र एवढं खरं, की कुंडीतलं झाड पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असतं. एप्रिल-मे महिन्यांत दोन दिवस पाणी चुकलं की संपलं. कात्रीचा अधिकार घेतला, तर रोजच्या पाण्याचं कर्तव्यही घ्यावं लागतं. ते जमणार नसेल, तर चिंचोका कुंडीत न लावता बांधावर लावा.

शेवटी, आमच्या वयाच्या श्रोत्यांचा नेहमीचा प्रश्न. सत्तरीनंतर बी कशाला पेरायची? हिशेब करून पाहू. आज पेरलं तर चार वर्षांनी लावणी, आणि त्यानंतर तीन-चार वर्षांनी रान दिसायला लागतं. हे काही अशक्य नाही. आणि नाहीच दिसलं, तर पाणी घालायला कोणीतरी आताच शिकलेलं असावं. म्हणून पेरताना घरातल्या एखाद्या लहान मुलाला शेजारी बसवा. चाळीस चिंचोक्यांतून कुंडीत नऊ किंवा अकराच जातील. उरलेल्या रोपांना मोकळी जमीन शोधा. चिंच शंभर वर्षांहून अधिक जगते.